म्युझियममध्ये जुन्या गोधड्या बघायला गेलं की आत एवढा अंधार का असतो?

आईला घेऊन जुन्या कापडांचं एक प्रदर्शन बघायला गेले होते, कुठलं ते राहू दे, आणि दारातून आत शिरल्या शिरल्या तिचा पहिला प्रश्न, "लाईट गेलेत का गं यांचे?" म्हटलं नाही, मुद्दाम ठेवतात असं. त्यावर दुसरा प्रश्न, "मग तिकिटाचे पैसे कशाचे घेतले?" तिचं अगदीच चूक होतं असंही नाही, कारण काळ्या भिंतीवर राखाडी अक्षरात लेबलं लावलेली आणि बहात्तर वर्षांच्या बाईला ती वाचायची तर नाक भिंतीला टेकवायला लागत होतं, ते तिने टेकवलंही, आणि गार्ड "मॅडम, मागे व्हा" म्हणाला तेव्हा तिने त्याच्याकडे असं बघितलं की तोच दोन पावलं मागे गेला.

मी काही कापडातली तज्ज्ञ नाही, पण गेली बरीच वर्षं जिथे जाईन तिथे असली प्रदर्शनं बघत फिरते आणि दिसेल त्याला प्रश्न विचारते, त्यातून जे कळत गेलं ते आईला त्या दिवशी सांगत होते, तेच इथे लिहितेय. आधी तो अंधार.

उजेड मोजायचं माप लक्स. एक मेणबत्ती लावली आणि एक मीटरवर कापड धरलं तर त्यावर जेवढा उजेड पडतो तो साधारण १ लक्स. आपल्या ऑफिसात टेबलावर ३००-५०० लक्स असतो, आणि भर दुपारी गच्चीवर १ लाखाच्या आसपास. जुन्या कापडासाठी जगभरची म्युझियमं जो आकडा पाळतात तो आहे ५०. म्हणजे उन्हातून आत आलेल्या माणसाचे डोळे एकदम दोन हजार पट कमी उजेडात येतात, मग लाईट गेल्यासारखं वाटणारच. त्यात वय झालं की डोळ्यात उजेडच कमी शिरतो, म्हणून तिथली कॉलेजची मुलं आरामात बघत होती आणि आई चाचपडत होती. उपाय एकच, आत गेल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं काहीच बघायचं नाही, बाक असेल तर बसायचं, डोळे सरावू द्यायचे. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, पहिल्या काचेपाशी जातात, काही दिसत नाही म्हणून पुढे, तिथेही दिसत नाही म्हणून पुढे, आणि डोळे जमेपर्यंत बाहेरच्या दुकानात पोचलेले असतात.

पण ५० च का, थोडा वाढवला तर काय बिघडतं? तर असं आहे की कापडावरचा रंग हे रेणू असतात आणि तो रेणू उजेडातला काही भाग गिळतो, उरलेला परत फेकतो, जो परत येतो तो आपल्याला रंग म्हणून दिसतो. गिळलेल्या उजेडाची ताकद त्या रेणूतच जाते आणि असं होता होता कधीतरी एखादा रेणू तुटतो. तुटलेला रेणू मग तसा उजेड गिळत नाही, त्या जागचा रंग गेला. म्हणजे जो उजेड रंग दाखवतो तोच तो घालवतो, आणि गेलेला परत आणायची कुठलीही युक्ती नाही, धुऊन नाही, औषधाने नाही. उजेड बंद केला तर विटायचं थांबतं, पण झालेलं भरून निघत नाही. त्यातून सुती धागा अतिनील किरणांनी पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि रेशमाचं तर विचारूच नका, ते नैसर्गिक धाग्यांत उजेडाला सगळ्यात नाजूक.

याचा हिशोब पार सरळ आहे, उजेड किती गुणिले वेळ किती. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, झाले १ लाख २० हजार लक्स-तास. आता तेवढाच उजेड गच्चीवर दुपारच्या उन्हात किती वेळात मिळतो? १ तास १२ मिनिटं. म्युझियममधलं अख्खं वर्ष म्हणजे गच्चीवरचा एक सव्वा तास! हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली, कारण दर दिवाळीआधी सगळे शालू गच्चीवर अंथरायची आमच्याकडे पद्धत होती आणि ती तिनेच पाळली होती. (उन्हात अतिनील किरण असतात, म्युझियमवाले ते गाळून घेतात, म्हणजे खरा फरक आणखीच मोठा.)

काही म्युझियमं काचेच्या आत कोपऱ्यात एक छोटं कार्ड ठेवतात त्यावर निळ्या लोकरीच्या पट्ट्या असतात, एकूण आठ प्रकारच्या, पहिली पटकन विटणारी, आठवी सगळ्यात चिवट. कार्डाचा अर्धा भाग झाकलेला असतो. काही महिन्यांनी झाकण काढून बघायचं की कितव्या पट्टीपर्यंत फरक पडलाय. साधी युक्ती आहे पण भारी आहे. आणि फ्लॅशचं म्हणाल तर एकट्या फ्लॅशने होणारं नुकसान तसं फार थोडं, मनाईमागे गर्दी, बाकीच्यांना होणारा त्रास, फोटोच्या हक्कांची भानगड हेही बरंच असतं, पण गार्डशी यावर वाद घालू नका, मी घालून बघितलाय.

तर मुद्दा असा की कापडाच्या बाबतीत नुसतं बघणं हाही वापरच आहे. वापरून झिजतं तसंच बघून झिजतं, फक्त सावकाश. हे एकदा डोक्यात बसलं की म्युझियमचे बाकीचे सगळे त्रासदायक नियम आपोआप उलगडतात, म्हणजे आपण ज्यासाठी तिकीट काढून गेलो ती वस्तू नेमकी तेव्हा कपाटात का असते, हे सुद्धा.

याचं मला आवडणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत 'राजा क्विल्ट' नावाची एक मोठी चादर आहे, साधारण सव्वातीन मीटर लांब-रुंद. राजा हे जहाजाचं नाव. १८४१ साली इंग्लंडमधून १८० कैदी बायका त्या जहाजात घालून तस्मानियात पाठवल्या. चोऱ्यामाऱ्या केलेल्या गरीब बायका त्या. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ फ्राय नावाच्या बाईंनी तुरुंगातल्या बायकांसाठी एक संस्था काढली होती, त्या संस्थेतर्फे अशा प्रत्येक बाईला सुया, दोरा, अंगुस्तान आणि दोन पौंड म्हणजे साधारण ९०० ग्रॅम कापडाचे तुकडे मिळायचे, प्रवासात हाताला काम आणि उतरल्यावर पोटाला कला. तीनेक महिन्यांच्या त्या प्रवासात बायकांनी २,८१५ तुकडे जोडून ही चादर केली आणि त्यावर त्या संस्थेचे आभार टाक्यांनी लिहिले. जवळून बघणारे सांगतात की काही टाके अगदी सफाईदार आहेत आणि काही पहिल्यांदा सुई धरल्यासारखे. पुढे ती गायबच झाली, आणि १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एका माळ्यावर सापडली. १९८९ मध्ये ती ऑस्ट्रेलियाला परत गेली. पण आज कॅनबेराला गेलात तर दिसेलच असं नाही, क्वचित बाहेर काढतात, कारण वर सांगितला तोच हिशोब. २०१० साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १७०० पासूनच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा ती तिकडे गेली होती, ज्यांना दिसली ते नशीबवान.

आणि एक, ती खरं तर क्विल्ट नाहीच. क्विल्ट म्हणायला तीन थर लागतात, वरचा जोडकामाचा, मध्ये कापसाची लादी, खाली अस्तर, आणि तिन्ही एकत्र धरणारे टाके. हिला मधली लादी नाही. आपल्या गोधडीचंही तसंच बघा, मध्ये कापूस नसतो, जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थरावर थर आणि वरून धावदोरा. बंगालची कांथा आपल्या गोधडीची सख्खी बहीण, तीच जुनी साडी, तोच धावदोरा, आणि रंगीत दोरा हवा तर जुन्या साडीच्या काठातून ओढून काढायचा. म्हणून प्रदर्शनात गेल्यावर आधी कड शोधा, म्हणजे जिथे थर दिसतात ती बाजू, एखादं टोक उसवलेलं असलं तर फारच छान, आत काय आहे ते तिथे कळतं. आई त्या दिवशी तेच करत होती. एका कांथेपुढे ती गुडघ्यावर बसली, तिरकी मान करून खालून वर बघितलं आणि म्हणाली, "ही दोघींनी केलीय. इथपर्यंतचा टाका तांदळाएवढा, आणि इथून पुढे गव्हाएवढा." लेबलवर काहीही नव्हतं. मी नंतर तिरक्या कोनातून बघितलं तर खरंच एका ओळीनंतर टाक्यांची लांबी बदलली होती आणि कापडावरच्या त्या बारीक लाटा पण तिथून मोठ्या झाल्या होत्या. तिरकं बघायचं हे लक्षात ठेवा, समोरून नक्षी दिसते, बाजूने हात दिसतो.

आता रंग. हा भाग मला सगळ्यात आवडतो त्यामुळे जरा लांबेल.

जुन्या चिटाच्या कापडावर, म्हणजे आंध्र-तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रंगवून युरोपात गेलेल्या त्या फुलापानांच्या कापडावर, तुम्हाला निळी पानं दिसतील. लाल फुलं, तपकिरी फांद्या आणि पानं निळी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं त्या काळची स्टाईल असेल. स्टाईल बिईल काही नाही, ती पानं हिरवीच होती. टिकाऊ हिरवा असा एक रंग त्यांच्याकडे नव्हता, म्हणून आधी निळीत बुडवून निळं करायचं आणि त्यावर पिवळा चढवायचा. निळीचा रंग शतकानुशतकं टिकतो, वनस्पतींचे बरेचसे पिवळे मात्र उजेडात भराभर उडतात, हळदीने रंगवलेला रुमाल दोन दिवस उन्हात ठेवून बघा. पिवळा उडाला, खालचा निळा उरला. युरोपातल्या जुन्या विणलेल्या पडद्यांवर अख्खी जंगलं निळी दिसतात तीही यानेच. आणि जिथे उजेड लागलेला नसतो, शिवणीच्या आत दुमडलेला भाग किंवा अस्तराखालची उलटी बाजू, तिथे कधी कधी तो हिरवा अजून असतो.

लाल का टिकला? कारण तुरटी. मंजिष्ठेसारख्या लाल मुळ्यांचा रंग नुसता कापडाला लावला तर धुतल्यावर निघून जातो. आधी तुरटी लावायची, तुरटीतलं अल्युमिनियम धाग्याला धरतं आणि रंगाला पण धरतं, मधल्या माणसासारखं दोघांचं लग्न लावून देतं, आणि मग सुटत नाही. त्यामुळे कारागीर लाल रंगाने चित्र काढतच नसत, ते तुरटीच्या पाण्याने काढत, आणि मग अख्खं कापड मुळ्यांच्या काढ्यात उकळत, जिथे तुरटी तिथेच लाल. त्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं, हिरड्याचं तुरट द्रव्य पुढच्या रंगाला धरायला आणि दुधातला स्निग्धपणा म्हणजे तुरटीची रेघ फुटू नये म्हणून. हे सगळं युरोपात कोणालाच येत नव्हतं, तिथल्या छापील कापडाचा रंग पहिल्या धुण्यात जायचा आणि आपला चीट धुऊन उलट खुलायचा. त्याचा एवढा धसका तिकडच्या विणकरांनी घेतला की फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली आणि इंग्लंडने १७०१ पासून आयातीवर आणि १७२१ च्या कायद्याने वापरावरसुद्धा. इंग्रजीतला चिंट्झ म्हणजे आपलाच चीट, छींट, आजीच्या परकराचं कापड.

आणि काळा. काळ्यासाठी लोखंड. गंजक्या लोखंडाचं भंगार गुळाच्या पाण्यात कुजत ठेवायचं, ते पाणी हिरडा लावलेल्या कापडावर टेकवलं की तिथल्या तिथे काळं. दिसायला सुंदर पण हेच कापडाला आतून खातं, कारण लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून सुती धागा कुजवत राहतं. म्हणून दोनशे-तीनशे वर्षं जुन्या कापडात फुलाचा लाल शाबूत, पान शाबूत, आणि त्याची काळी बाह्यरेषा जिथे होती तिथे बारीक फट, जणू कोणी ब्लेडने कापून घेतलीय. प्रदर्शनात हे शोधाच. मी एकदा एका तुकड्यापुढे वीस मिनिटं उभी होते, त्यातल्या एका पक्ष्याचा डोळा गेला होता, डोळ्याच्या जागी मागचं अस्तर दिसत होतं, नवीन, पांढरं.

मग १८५६ साल आलं. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनीन बनवायला बसला होता आणि त्याच्या हाताला लागला जांभळा. डांबरापासून काढलेला पहिला गाजलेला कृत्रिम रंग. १८६८ मध्ये जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतला लाल प्रयोगशाळेत बनवला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. याचा आपल्याला उपयोग असा की गोधडीत तो झगमगीत पर्किनचा जांभळा निघाला तर ती १८५६ च्या आधीची असू शकत नाही, विकणारा काहीही सांगो.

याच्यावरूनच साल काढायचा नियम समजतो. गोधडीचं वय तिच्यातल्या सगळ्यात जुन्या तुकड्यावरून नाही, सगळ्यात नव्या तुकड्यावरून धरायचं. पणजीचं लुगडं, आजीचं पातळ आणि मुलाचा शाळेचा शर्ट एकाच गोधडीत असले तर गोधडी शर्टाच्या वेळची, पणजीच्या वेळची नाही. मशीनचा टाका दिसला तर साधारण १८५० नंतरची, कारण शिवणयंत्र घरोघरी जायला लागली ती त्यानंतर. इंग्लंडमध्ये तर याहून सोपं, तिथे तुकडा कागदाच्या साच्यावर दुमडून टाचायची पद्धत होती आणि पुष्कळदा तो कागद आतच राहून जायचा. जुनी पत्रं, बिलं, वर्तमानपत्रं कापलेली असायची ती, कागदावरची तारीख वाचली की काम झालं. ब्रिटनमधलं १७१८ साल घातलेलं एक रेशमी जोडकाम आहे, त्यात ते कागद अजून तसेच आत आहेत. याउलट एक समजूत सगळीकडे ऐकायला मिळते, की गोधडी उजेडासमोर धरली आणि कापसात सरकीचे काळे ठिपके दिसले म्हणजे ती १७९३ च्या, म्हणजे सरकी काढायचं यंत्र यायच्या आधीची. खोटं आहे ते. यंत्र आल्यावरही गरीब घरात न पिंजलेला, सरकीवाला स्वस्त कापूस शंभर वर्षं वापरलाच की.

रेशमी जोडकामाची एक वेगळीच शोकांतिका आहे. १८८० च्या सुमाराला अमेरिकेत रेशीम-मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडायची मोठी फॅशन होती, आणि आज त्यातले काही तुकडे पार चिंध्या झालेत, शेजारचा तुकडा मात्र कालच लावल्यासारखा. कारण व्यापार. कच्च्या रेशमावरचा डिंक धुतला की साधारण पाव वजन जातं आणि रेशीम विकायचं वजनावर, मग गिरणीवाल्यांनी ते वजन भरून काढायला, आणि वर थोडं जास्तच, कथलाचे आणि लोखंडाचे क्षार पाजायला सुरुवात केली. कापड जड लागायचं, सळसळायचं, गिऱ्हाईक खूश. त्या क्षारांनी ते आतून कडक होत गेलं आणि आता हात न लावता तडकतं. दुधात पाणी घालण्यातला हा प्रकार, फक्त हिशोब शंभर वर्षांनी आला.

मांडणीबद्दल थोडक्यात सांगते. गोधडी वरून टांगली की तिचं सगळं वजन वरच्या काठाच्या टाक्यांवर येतं, म्हणून वर सुती पट्टी शिवून तिला वेल्क्रो लावतात, म्हणजे वजन पूर्ण रुंदीवर वाटलं जातं, आणि फारच विरलेली असेल तर उतरत्या फळीवर निजवतात. दमट हवेत बुरशी धरते, ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की भीती सुरू, पण त्याहून वाईट म्हणजे चढउतार, दिवसा एसी चालू आणि रात्री वीज वाचवायला बंद, धागा रोज फुगतो रोज आकसतो. कसर लागलेलं लोकरी-रेशमी कापड हल्ली प्लास्टिकमध्ये सीलबंद करून उणे ३० डिग्रीला तीनेक दिवस ठेवतात, किडा अंड्यासकट मरतो. डांबरगोळ्या नाही वापरत, तो वास माणसालाच बरा नाही. आणि भोक पडलं तर रफू करून लपवत नाहीत, मागून आधाराचं कापड देऊन केसाएवढ्या बारीक रेशमी दोऱ्याने नुसतं धरून ठेवतात, असं की उद्या उसवता आलं पाहिजे. आईला हे अजिबात पटलं नाही. "भोक आहे तर बुजवा ना."

आता एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा लक्षात आली. म्युझियममध्ये जे दिसतं ते बहुतेक न वापरलेलं असतं. जी गोधडी रोज अंगावर घेतली, धुतली, तिच्यावर बाळंतपणं झाली, ती विरली, मग तिचं दुपटं झालं, मग पायपुसणं, मग चुलीत. जी उरली ती आहेरात आलेली, पाहुण्यांसाठी ठेवलेली, भेट दिलेली किंवा विकलेली. राजा क्विल्ट उरली कारण ती आभाराची भेट होती, कैदी बायकांनी स्वतः पांघरायला केलेलं काहीही आज शिल्लक असेल असं मला वाटत नाही. त्यामुळे प्रदर्शन बघून "जुन्या काळी काय सुंदर गोधड्या करायचे" असं म्हणताना जरा दमाने घ्यायचं, आपण फक्त गाळून उरलेलं बघतोय.

हॅरिएट पॉवर्सची गोष्ट याच जातीची. १८३७ साली अमेरिकेच्या जॉर्जियात गुलामीत जन्मलेली ही बाई. तिने बायबलमधल्या गोष्टींची ११ चौकटींची एक क्विल्ट केली आणि १८८६ मध्ये तिथल्या कापसाच्या जत्रेत मांडली. चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंना ती हवी होती, हॅरिएट म्हणाली विकायची नाही. चार-पाच वर्षांनी घरात ओढाताण झाली तेव्हा स्वतःच घेऊन गेली, १० डॉलर मागितले, बाईंनी ५ दिले. देताना तिने एकेका चौकटीची गोष्ट सांगितली ती त्या बाईंनी लिहून ठेवली, आणि नंतर हॅरिएट अधूनमधून आपली क्विल्ट बघायला त्यांच्या घरी जायची. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनला स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. तिच्या हातच्या दोनच उरल्यात, दुसरी बॉस्टनला.

अपवाद आहेत. अलाबामातल्या गीज बेंड गावच्या काळ्या बायकांनी शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या केलेल्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागल्या आणि लोक वेडे झाले, गुडघ्यावर विटलेली पँट आणि खिसा काढल्यावर खाली उरलेला गडद निळा चौकोन, तोच नक्षीचा भाग. आपल्या जवळचं म्हणाल तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातले सिद्दी, ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि जे तिथून पळून घाटावरच्या जंगलात आले, त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, करतात. कडेपासून सुरू करून गोल गोल आत यायचं, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची टोकं बसवायची, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसली तर कवंदी नागडी!

बघायला कुठे जायचं तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम, १९४९ साली गौतम आणि गिरा साराभाईंनी उभं केलेलं, देशात याहून चांगलं नाही असं माझं मत. पण आधी बुकिंग, मोजकीच माणसं, त्यांच्या माणसाबरोबरच फिरायचं, फोटो नाही, आणि जायच्या आधी सुरू आहे का ते विचारून घ्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कापडांचं दालन आहे, पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिव्यांच्या गर्दीत कापडंही आहेत. बरोबर वाचायचा चष्मा घ्या, आणि सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, चार वस्तू निवडून प्रत्येकीपुढे दहा मिनिटं उभे राहा.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने माळ्यावरून एक वाकळ काढायला लावली, तिच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आजीची, निदान आम्ही तसं मानत होतो. म्हटलं चला, सगळ्यात नवा तुकडा शोधू. कोपऱ्यात निघाला माझ्या दादाच्या युनिफॉर्मचा खाकी टेरिकॉट, १९८६-८७ चा, आणि आजी तर १९७९ मध्येच गेली. मला वाटलं झालं, आजीची नाहीच ही. आई हसायला लागली. "अगं ते ठिगळ आहे, मी लावलंय." मग तिने उलटी करून दाखवलं, आजीचा धावदोरा आरपार जातो, मागेही दिसतो, आणि खाकी तुकड्याचे टाके फक्त वरच्या थरात आहेत, मागे काहीच नाही. म्हणजे शिवण वेगळी आणि दुरुस्ती वेगळी, सालाचा नियम लावायच्या आधी एवढं बघायला पाहिजे, हे मला कुठल्या लेबलने नव्हतं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाकळ गच्चीवर दोरीवर. म्हटलं, आई, काल काय सांगितलं मी, एक तास बारा मिनिटं! ती म्हणाली, "ढेकणांना सांग तुझा हिशोब."